धाकट्याचं कूळ आणि मामांची खुर्ची

तीर्थस्वरूप वान-फा दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. माझा उजवा गुडघा साफ कामातून गेला आहे, त्यामुळे नमस्कार अर्धाच वाकून केला आहे, तो पुरा धरून घ्यावा. तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं (तुमच्याकडून नव्हे, पेइकांगच्या बाजारात तुमच्या शेजारचा शेंगदाणेवाला बसतो त्याच्याकडून. गेली दोन वर्षं तुमच्या घरची खबर मला शेंगदाण्यांबरोबरच मिळते, आणि ती ऐकायला म्हणून मी गरज नसताना शेंगदाणे घेतो). वहिनींना आता स्वच्छ दिसत असेल तर हे पत्र त्यांनीच मोठ्याने वाचावं. तुमच्या हाती पडलं तर माझं अक्षर ओळखून तुम्ही ते सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकाल. तुमचा स्वभाव मला काय नवा आहे का?

फोन तुम्ही उचलत नाही. मोबाईलवर संदेश धाडला तर तुम्ही वाचल्याची खूण उमटते आणि पुढे सामसूम. म्हणून शेवटी कागद घेतला. मी पडलो पाण्याच्या पाटावरचा माणूस. तीस वर्षं दारं उघडली, दारं बंद केली, आणि वहीत ‘आज पाणी सोडलं’, ‘आज पाणी बंद’ यापलीकडे काही लिहिलं नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी एका कोंबड्याचं कूळ लिहायची पाळी आली आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या. थकलो आहे, दादा.

आधी मुख्य गोष्ट. तुमच्या भाचीचं लग्न ठरलं. यू-हानला चौतिसावं संपत आलं होतं, मी आशा सोडून ग्वो काकूंबरोबर (म्हणजे आमची भिंतीपलीकडची शेजारीण, तुम्ही तिच्या हातचं लोणचं दोनदा मागून नेलं होतं) तिच्याविषयी कुरकुर करणंही बंद केलं होतं, आणि अचानक ठरलं. मुलगा पिंगतुंगकडचा, तायचुंगला तिच्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. बोलतो कमी, जेवतो भरपूर, आणि मी बोलत असताना मान हलवतो. जावयाकडून आणखी काय हवं? मुहूर्त जुन्या पंचांगाने अकराव्या महिन्याच्या अठराचा. अंगणात मांडव, अठरा टेबलं, आचारी ठरला. सगळं ठरलं, आणि यू-हान म्हणाली, मुख्य टेबलावर मामा बसणार असतील तरच मांडव घाला, नाहीतर आम्ही दोघं सरकारी कचेरीत जाऊन सही करून येतो. मी म्हटलं, अगं, मामांना आमंत्रण देऊ, ते येतील न येतील. तर काय म्हणाली ऐका: “आईच्या बाजूचं माझं एकच माणूस उरलंय, बाबा. तेही तुम्ही कोंबड्याच्या एका पायावरून घालवलंत.” आणि हे बोलून तिने माझ्याच ताटलीतला मुळ्याचा तुकडा उचलून खाल्ला. अगदी आईवर गेली आहे.

वर आकाशात देव, खाली जमिनीवर मामा, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मामा खुर्चीत बसल्याशिवाय कुणी जेवायच्या काड्या उचलत नाही. अठरा टेबलांची माणसं रिकाम्या खुर्चीकडे बघत गार झालेला मासा राखत बसणार, हे चित्र गेले दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा त्या पायाचं एकदा काय ते होऊन जाऊ दे. यू-हानच्या आईच्या, चिन-चूच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आलात, तिच्या फोटोपुढे अख्खा कोंबडा ठेवला, उदबत्त्या संपल्या, मग मी त्याच कोंबड्याचं आलं घालून सूप केलं आणि पहिली वाटी, रीतीप्रमाणे, तुम्हाला दिली. तुम्ही वाटीतून पाय वर काढला. बोटं मोजली. पुन्हा मोजली. पाच भरली. काड्या खाली ठेवल्यात, हेल्मेट घातलंत, आणि “दाजी, तुम्ही माझ्या आईचा कोंबडा कापलात,” एवढंच बोलून स्कूटर चालू केलीत. हेल्मेटचा पट्टा लावायलासुद्धा थांबला नाहीत (मी फाटकापर्यंत ‘पट्टा, पट्टा’ ओरडत आलो होतो, ते तुम्ही शिव्या म्हणून घेतलंत असं नंतर कानावर आलं).

तुमचं म्हणणं मला मान्य नाही असं मी कधीच म्हटलं नाही. छत्तीस वर्षांपूर्वी चिन-चू या घरात आली ती लाल दोरीने पाय बांधलेली कोंबडा-कोंबडीची वाटाडी जोडी घेऊन. तुमच्या आईने स्वतःच्या खुराड्यातून निवडलेली, पाच-पाच बोटांची. रीतीप्रमाणे जोडी पलंगाखाली सोडली, आधी कोंबडी बाहेर पडली, म्हणून मुलगी होणार म्हणाले, आणि झाली. नवरीला वाट दाखवणारी जोडी पोसायची असते, मारायची नसते, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण बाकीची दुनिया हा नियम जोडीपुरता धरते. तुमच्या शेन घराण्यात तो पिल्लांना, नातवंडांना आणि पतवंडांनाही लागू आहे, हे तुमच्या आईने मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून छत्तीस वर्षं या अंगणात मी तुमच्या घराण्याच्या पिढ्या पोसतो आहे. त्यांनी माझ्या चपला खराब केल्या, पोस्टमनला दोनदा चोच मारली, माझ्या स्कूटरच्या सीटवर बसून सीटचा स्पंज उकरला. मी हूं की चूं केलं नाही. सणावाराला बाजारातून दुसऱ्याची कोंबडी विकत आणून खाल्ली.

मग त्या सुपातला कोंबडा, म्हणजे आमचा थोरला, कसा कापला गेला? तर इथेच सगळा घोळ आहे. चिन-चू आजारी पडायच्या आधीच्या वसंतात तिने एका खुडुक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती. सात आमची, म्हणजे तुमच्या घराण्याची. चार ग्वो काकूंकडची, लसणीच्या दोन जुड्यांच्या बदल्यात घेतलेली. ग्वो काकूंकडे सगळी ती पांढरी, कापूस पिंजल्यासारख्या पिसांची आणि खालून काळ्या कातडीची जात आहे, हे तुम्हाला आठवत असेल. आणि त्या जातीलाही पाचच बोटं असतात! चिन-चूने अंड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पण कोंबडी एकवीस दिवस त्यावर बसून हलत होती, खुणा राहतात कुठे? अकरातली दोन पिल्लं जगली. थोरला आणि धाकटा. थोरला तुमच्या वाटीत गेला. धाकटा अजून आहे, आत्ता या क्षणी खिडकीत बसून मी लिहितोय ते वाकून बघतो आहे. माझा हिशेब सरळ होता: धाकट्याचं कूळ कळलं की त्याच्या सख्ख्या भावाचं (एकाच खुडुक कोंबडीखालचे, म्हणून मी सख्खे धरले) कळणार. धाकटा ग्वो काकूंच्या अंड्यातला निघाला तर तुम्ही परक्याचा पाय खाल्लात, माझ्यावरचा आळ गेला, आणि तुम्हाला खुर्चीत बसायला काही अडचण उरली नाही.

धाकट्याकडे बघून काही ठरवावं म्हटलं तर देवाने त्याला घाईत, उरल्यासुरल्या मालातून केला आहे. डाव्या पायाला पाच बोटं, उजव्याला चार. एका नळीवर पिसं, दुसरी उघडी. शेपूट झुंजीच्या कोंबड्याची, ती पुढून त्याची स्वतःची वाटत नाही. तुरा अर्धा उभा, अर्धा झोपलेला. आरवतो तेव्हा तीन सूर बरोबर लावतो आणि चौथ्याला खोकतो.

पहिल्यांदा मी ग्वो काकूंकडे गेलो. म्हटलं, काकू, तुमचा पांढरा याचा बाप आहे का, एवढं सांगा. झालं! बाईने हातातलं पाखडायचं सूप आपटलं. “माझा पांढरा? तो चिखल बघून मागे फिरतो, भाऊ. उडता त्याला येत नाही. पाच फुटी भिंत आहे मधे. तुमचीच काळी रोज सकाळी भिंतीवर येऊन बसायची, अख्ख्या गल्लीने बघितलंय. आधी आपल्या घरच्या बाईमाणसाला आवरा, मग माझ्या दारात या!” कोंबडीबद्दल बोलत होती, पण रस्त्याने जाणाऱ्या दोघांना तेवढंच ऐकू आलं. मी विधुर माणूस, ती विधवा बाई. आता मी सकाळी फिरायला उलट्या बाजूने जातो.

यू-हानने धाकट्याचा फोटो काढून मोबाईलवर कोंबडीवाल्यांच्या कुठल्याशा गटात टाकला. दोन दिवसांत एकशे अठ्ठावीस उत्तरं आली. सदतीस जण म्हणाले हा जपानी आहे, काही म्हणाले हा आजारी आहे, एकाने शपथेवर सांगितलं की यात बदकाचा अंश आहे, आणि एका बाईने यू-हानच्या मागे दिसणाऱ्या पडद्याचं कापड कुठे मिळेल असं विचारलं. (पडदा चिन-चूने शिवलेला आहे. मी उत्तर द्यायला सांगितलं नाही.)

मग गेलो बाजारात, त्साय म्हाताऱ्याकडे. साठ वर्षं कोंबडे खच्ची करून विकतो आहे, त्याच्याइतकी कोंबड्याची आतली माहिती कुणाला नसेल. धाकट्याला टोपलीत घालून स्कूटरच्या पुढ्यात ठेवला, त्याने वाटेत माझं मनगट फोडलं. त्सायने त्याला उलटा केला, पिसांवर फुंकर मारून कातडी बघितली, जीभ ओढून बघितली, आणि म्हणाला, “कातडी काळी, बोटं पाच. म्हणजे पांढऱ्याचं रक्त यात आहे.” मला जी काय हुशारी आली म्हणून सांगू! मी तिथल्या तिथे तुम्हाला फोन लावला (तुम्ही उचलला नाही). पण म्हातारा पुढे बोलतच होता. “थांब रे. आई आणि बाप दोघं कापसाचे असते तर पोरही कापसाचं झालं असतं. याची पिसं सरळ आहेत. एक जण कापसाचा, दुसरं साध्या पिसांचं. ग्वो बाईकडे साधी कोंबडी एकपण नाही. म्हणजे बाप तिचा आणि आई तुझी. अंडं तुमच्याच घरचं, तिंग-कुन.” आणि वर म्हणतो कसा, हा सोडून जा, याला खच्ची करून देतो, याच्यासारखा आणखी एक व्हायला नको. मी धाकट्याला परत टोपलीत घातला. येताना त्याने दुसरं मनगट फोडलं.

माणसाचं म्हणणं चुकू शकतं, म्हणून बांधावरच्या भूमिदेवाकडे गेलो. संत्री ठेवली, उदबत्ती लावली, कौल घ्यायच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी हातात धरून विचारलं: देवा, धाकटा ग्वो काकूंच्या अंड्यातला का? एक उताणी एक पालथी पडली असती तर होकार, दोन्ही पालथ्या पडल्या असत्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा टाकताना मी सगळं सविस्तर सांगितलं, वर्षश्राद्ध, पाय, हेल्मेट, पट्टा, सगळं. देव तिसऱ्यांदाही हसला. मी संत्री उचलून घरी आलो. सोलून बघितली तर आंबट होती.

आता मला सांगा, दादा, यातून काय धरायचं? तीन दिवस पायरीवर बसून मी यावर विचार केला. बापाकडून वंश धरायचा म्हटलं तर थोरला ग्वो काकूंच्या पांढऱ्याचा, तुमच्या घराण्याचा त्याच्याशी संबंध नाही, मी निर्दोष. वा! पण मग त्याच न्यायाने यू-हान नुसती माझ्या ल्याओ घराण्याची. तिच्या अंगात चिन-चूचं काही नाही, तुमच्या आईचं काही नाही, आणि तिच्या लग्नात शेन घराण्याच्या माणसासाठी खुर्ची अडवून ठेवायचं कारणही नाही. आणि आईकडून धरायचा म्हटलं तर तो पाय तुमच्याच घरचा होता, मी गुन्हेगार, तुमचा राग सोळा आणे खरा. पण मग यू-हानही तुमच्याच घरची. मग तुम्ही नाही म्हणूच शकत नाही.

मी दुसरं निवडलं. मी गुन्हेगार, दादा. पाय तुमच्याच घरचा होता. दोन वर्षं ज्या चार अंड्यांच्या आड लपलो होतो ती अंडी मी आज सोडून दिली. माफी मागतो. मला तुमची आठवण येते. यू-हान शिंकते ती माझ्यासारखी, दबकत. तुम्ही आणि चिन-चू शिंकायचात तेव्हा खुराड्यातली कोंबडी उडायची. या घरात तसं कुणी शिंकलं नाही त्याला तीन वर्षं झाली.

तब्येतीला जपा. स्कूटर हळू चालवा. वहिनींना नमस्कार. उत्तर नाही दिलंत तरी चालेल, पण अठराला सकाळी दहाच्या आत या, कारण यू-हान दहानंतर वाट बघणार नाही, आणि सरकारी कचेरी अकराला उघडी असते हे तिने बघून ठेवलं आहे.

आपला आज्ञाधारक,
ल्याओ तिंग-कुन

ता. क. अहेर, सोनं, लाल पाकीट काही आणू नये. त्या दिवशीच्या सूपची कोंबडी आचारी बाहेरून आणणार आहे. त्याला मी ताकीद दिली आहे की प्रत्येक पायाची बोटं माझ्यासमोर मोजून मगच पातेल्यात टाकायची. चारच्या वर एकही चालणार नाही. त्याला वाटतं मला वेड लागलं आहे.

ता. क. २. धाकटा वाटाड्या म्हणून यू-हानबरोबर जाणार नाही. तिच्या सासूने दुकानातून कापडाची जोडी आणली आहे, पोटात सेल घातला की आरवते, आणि खोकत नाही. यू-हान म्हणाली, “मला मामा हवेत, कोंबडा तुम्ही ठेवा.” म्हणजे तो माझ्याकडेच राहणार. तुमच्या खुराड्यात जागा असेल तर... जाऊ दे, ते नंतर बोलू.

ता. क. ३. पाकीट डिंकाने बंद केलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. हे लिहायचं नव्हतं. पण ही गोष्ट लपवून तुम्हाला खुर्चीत बसवणं मला पटेना.

वर लिहिलेलं सगळं घडलं हे खरं, ग्वो काकू, त्साय म्हातारा, देवाचं हसणं, सगळं. पण त्याची काही गरज नव्हती. थोरला कुणाचा हे मला सुरी हातात घ्यायच्या आधीपासून ठाऊक होतं. ग्वो काकूंची चारही अंडी सडली होती, त्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणा शाबूत होत्या, चिन-चूने ती स्वतः उचलून पाटाकडेला पुरली होती. आणि थोरला कापायचं तिनेच सांगितलं होतं. शेवटच्या महिन्यात, दवाखान्यात, जेव्हा तिला स्वतःला पाणीसुद्धा जात नव्हतं तेव्हा. म्हणाली, “वर्षश्राद्धाला थोरला काढा. दादा येईल. लहानपणी आई बाजारातून कोंबडी आणायची तेव्हा पाय मी धाकटी म्हणून मला मिळायचे, आणि तो मला पाय आवडत नाहीत म्हणायचा. आवडतात त्याला. आईच्या घरचा एक पाय त्याच्या पोटात जाऊ दे.” मी म्हटलं, अगं वेडे, वाटाड्यांची औलाद, तुझा दादा मला उभा फाडेल. तर हसली. म्हणाली, “पहिल्या वाटीला सांगू नका. दुसरी संपली की सांगा. पोट भरल्यावर त्याला कुणावर रागावता येत नाही.”

तुम्ही पहिल्या वाटीतच बोटं मोजलीत. मी तेव्हा बोललो असतो तर आळ तिच्यावर गेला असता, आणि तिच्या वर्षश्राद्धाला तिच्या फोटोसमोर ते मला जमलं नाही. म्हणून चार अंडी पुढे केली.

तर अठराला या. सुपाच्या दोन्ही वाट्या संपवा. मग मला काय बोलायचं ते बोला.